दोन नवे टायर ही जमेची बाजू नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वापरलेल्या गाड्यांच्या जाहिरातींत आणि विक्रेत्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : 'दोन टायर नुकतेच नवे टाकले आहेत.' इंजिनाची ओढ फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या चाकांना असलेल्या गाडीबाबत हे वाक्य ऐकून आनंद मानायला हरकत नाही. गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ओढ देणारी, असेल तर मात्र याच वाक्याने खरेदीदाराचे कान टवकारले पाहिजेत. अशा गाडीत दोन चकचकीत नव्या टायरांपेक्षा सारख्याच प्रमाणात झिजलेले चार जुने टायर कितीतरी बरे, हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हे ज्ञान मला गाडी घेऊन सहा महिने झाल्यावर प्राप्त झाले. गाडी घेताना मी इंजिनाचा आवाज ऐकला, रंगाच्या छटा निरखल्या, सर्व्हिसची बिले चाळली आणि टायरांपाशी येऊन पुढच्या दोन्ही टायरांवर नखाएवढ्या खोल खाचा पाहून समाधानाने मान डोलावली. मागच्या टायरांकडे मी वाकून पाहिलेही नाही, कारण तेही गुळगुळीत नव्हते. पुढे काही महिन्यांनी पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना ती अडखळू लागली, जणू कोणीतरी हलकासा हँडब्रेक ओढून ठेवला आहे. मेकॅनिकने गाडीखाली शिरण्याआधी खिशातून खोली मोजायची छोटी पट्टी काढली आणि चारही टायर मोजले. पुढे साडेसात मिलिमीटर, मागे साडेतीन. मग त्याने पुढच्या टायरावरचा आकडा वाचला, तेव्हा तो टायर दोन वर्षांपूर्वी तयार झालेला निघाला. म्हणजे पुढची 'नवी' जोडी बहुधा बराच काळ मागच्या झिजलेल्या जोडीबरोबर धावत होती, आणि त्याची किंमत पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या कपलिंगने चुकवली होती. विक्रेत्याने खोटे काही सांगितले नव्हते. मी विचारायला हवे होते ते विचारले नाही, एवढेच.

यामागचे कारण समजायला फार यंत्रज्ञान लागत नाही. गाडी वळते तेव्हा तिची चारही चाके चार वेगवेगळ्या लांबीच्या वाटांनी जातात. डाव्या-उजव्या चाकांतला फरक त्या-त्या अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शिअल सांभाळून घेतो. पुढच्या आणि मागच्या जोडीतही असाच फरक पडतो, पण साध्या गाडीत या दोन जोड्यांना जोडणारा दांडाच नसल्याने तिथे काही अडत नाही. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये या दोन्ही जोड्या शाफ्टने जोडलेल्या असतात, आणि म्हणून त्यांच्यामध्ये फरक झेलणारा कोणीतरी लागतो. तो कुठे मधला डिफरन्शिअल असतो, कुठे घट्ट सिलिकॉन द्रवाने भरलेले व्हिस्कस कपलिंग असते, तर कुठे तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांचा संच असतो. या सगळ्यांची योजना वळणापुरती किंवा चिखलात, ओल्या रस्त्यावर एखादे चाक घसरण्यापुरती केलेली असते. काही क्षणांचे काम आणि मग विश्रांती, असा त्यांचा दिनक्रम असतो.

टायर लहानमोठे असले की ही विश्रांती संपते. एक उदाहरण घेऊ. २२५/६० आर १७ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०२ मिलिमीटर आणि परीघ सुमारे २,२०५ मिलिमीटर भरतो. खाचांची खोली चार मिलिमीटरने कमी झाली की व्यास आठ मिलिमीटरने घटतो आणि परीघ सुमारे २५ मिलिमीटरने. ऐकायला हा फरक क्षुल्लक, जेमतेम एक टक्क्याचा आहे. पण नवा टायर एका किलोमीटरमध्ये साधारण ४५४ फेरे घेतो, तर झिजलेला ४५९. प्रत्येक किलोमीटरला पाच जादा फेरे, शंभर किलोमीटरला पाचशेहून अधिक, आणि तेही सरळ, कोरड्या, गुळगुळीत महामार्गावर, जिथे कपलिंगला खरे तर काहीच काम नसायला हवे. क्लच प्लेटा सतत एकमेकींवर घासत राहतात, व्हिस्कस कपलिंगमधला द्रव तापत राहतो, मधल्या डिफरन्शिअलचे दाते आणि बेअरिंग अखंड फिरत राहतात. गाडी गरजेनुसार मागची चाके जोडणारी असेल, तर चाकांचा वेग मोजणाऱ्या सेन्सरांना पुढची किंवा मागची चाके घसरत असल्याचा भास होऊन नको तेव्हा जोडणी होऊ शकते. चालकाला यातले काहीही कळत नाही. कळते तेव्हा दुरुस्तीचा खर्च चार टायरांच्या किमतीच्या पुष्कळ पुढे गेलेला असतो.

म्हणूनच ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या माहितीपुस्तकांत चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि सारख्या झिजेचे असावेत असे बजावलेले असते. यात किती फरक चालतो याचे आकडे कंपनीनुसार बदलतात. सुबारू या जपानी कंपनीने परिघातील फरकाची मर्यादा पाव इंच, म्हणजे साधारण सव्वासहा मिलिमीटर, इतकी काटेकोर ठेवली आहे. खोली एक मिलिमीटरने कमी झाली की परीघ सव्वासहा मिलिमीटरने घटतो, हे लक्षात घेतले तर ही मर्यादा म्हणजे खाचांच्या खोलीतील जेमतेम एक मिलिमीटरचा फरक. इतर काही कंपन्या याहून सैल मर्यादा देतात. जी गाडी घ्यायची तिचे माहितीपुस्तक आधी वाचावे, आणि ते सापडले नाही तर एक मिलिमीटरचाच नियम धरून चालावे, म्हणजे चुकलो तरी सुरक्षित बाजूने चुकू.

आता 'टायर ८० टक्के' या लोकप्रिय शब्दप्रयोगाविषयी. हे ८० टक्के कशाचे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. मोटारीच्या नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते आणि अनेक देशांत कायद्याने १.६ मिलिमीटरला टायर बाद ठरतो. खाच चार मिलिमीटर उरली असेल तर कोणी त्याला ५० टक्के म्हणेल, आणि वापरण्याजोग्या ६.४ मिलिमीटरचा हिशेब करणारा साडेसदतीस टक्के म्हणेल. दोघेही आपापल्या परीने बरोबरच. त्यातून चार टायरांची सरासरी काढून एकच आकडा सांगितला की आपल्याला जी गोष्ट हवी, म्हणजे चौघांमधील तफावत, ती नेमकी झाकली जाते. खरेदीदाराने टक्केवारी ऐकून घ्यावी, पण मोजमाप मिलिमीटरमध्येच करावे.

मोजण्याची पट्टी स्वस्त असते आणि वापरायला अगदी सोपी असते. प्रत्येक टायरच्या आतल्या कडेच्या, मधल्या आणि बाहेरच्या मुख्य खाचेत ती टेकवून आकडा घ्यावा, आणि खाचेच्या तळाशी झीज दाखवणारी जी उंचवट्याची आडवी पट्टी असते तिच्यावर ती टेकवू नये. चार टायरांचे बारा आकडे कागदावर गाडीच्या आकृतीभोवती मांडले की पुष्कळ काही उलगडते. आतली कड दिसण्यासाठी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे लागते आणि मागच्या टायरांसाठी जमिनीवर बसावे लागते. कपडे मळतील म्हणून हे टाळणाऱ्यांत मीही होतो.

पट्टी नसेल तर खडूनेही काम भागते, आणि माझ्या मते ही युक्ती पट्टीपेक्षाही बोलकी आहे, कारण ती खोलीऐवजी प्रत्यक्ष घेर तपासते. टायर थंड असताना चारही टायरांत माहितीपुस्तकाप्रमाणे हवा भरावी. सपाट, सरळ जागेवर गाडी उभी करून प्रत्येक टायरच्या जमिनीला टेकलेल्या भागाजवळ, बाजूच्या भिंतीवर अगदी खाली, खडूने रेघ ओढावी. मग स्टिअरिंग न हलवता गाडी हळूहळू पुढे न्यावी आणि एका चाकाचे बरोबर दहा फेरे मोजून त्याची रेघ खाली आल्यावर गाडी थांबवावी. वरच्या उदाहरणातल्या मापाचे टायर असतील तर हे अंतर साधारण २२ मीटर भरते. चारही टायर सारखे असतील तर चारही रेघा तळाशीच असतील. खोलीत एक मिलिमीटरचा फरक असेल तर त्या टायरची रेघ घेरावर सुमारे सहा सेंटिमीटर पुढे किंवा मागे दिसेल. चार मिलिमीटरचा फरक असेल तर ती तब्बल पाव मीटर सरकलेली असेल. लहान टायर जास्त फिरतो, त्यामुळे त्याची रेघ पुढे निघून जाते. विक्रेत्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला सोबत घेऊन हा प्रयोग करावा. डोळ्यांनी पाहिलेले नाकारणे अवघड जाते.

या प्रयोगाचे आणखी एक महत्त्व आहे. बाजूच्या भिंतीवर छापलेले माप तंतोतंत एक असले तरी दोन कंपन्यांच्या टायरांचा प्रत्यक्ष घेर एक असेलच असे नाही. एकाच कंपनीच्या दोन वेगवेगळ्या नक्षींच्या टायरांतही थोडा फरक निघतो. 'माप तर सारखेच आहे ना' हा युक्तिवाद म्हणून अपुरा आहे. त्यातून पुढे एक नक्षी आणि मागे दुसरी असली की ओल्या रस्त्यावर दोन्ही जोड्यांची पकड वेगवेगळी राहते, आणि हा धोका तर कपलिंगच्या खर्चाहून गंभीर आहे. याला अपवाद म्हणजे काही गाड्यांना कारखान्यातूनच पुढे आणि मागे वेगवेगळ्या रुंदीचे टायर बसवलेले असतात. तिथे दाराच्या खांबावरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तकात दिलेल्या मापांशी ताडून पाहावे आणि तुलना त्या-त्या जोडीच्या नव्या मापाच्या संदर्भात करावी.

बारा आकड्यांच्या कागदाकडे परत येतो. एखाद्या टायरचा मधला भाग कडांपेक्षा जास्त झिजला असेल तर हवा सतत जास्त राहिली आहे, आणि दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेले आहे. ते खड्ड्यांमुळेही बिघडते आणि अपघातात वाकलेल्या भागामुळेही, म्हणून अशा वेळी त्या चाकामागचे भाग मेकॅनिककडून तपासून घ्यावेत. पृष्ठभागावरून हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले तर चाकांची पुढची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली आहेत. ठिकठिकाणी वाट्यांसारखे खळगे असतील तर शॉकअब्सॉर्बर थकले आहेत किंवा बॅलन्सिंग राहून गेले आहे. पुढची जोडी मागच्यापेक्षा बरीच झिजलेली, पण चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच काळातले, असे आढळले तर मालकाने वेळच्या वेळी पुढच्या-मागच्या टायरांची अदलाबदल केलेली नाही. ज्याने एवढे साधे काम टाळले, त्याने ट्रान्सफर केसचे, म्हणजे इंजिनाची ओढ पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचे, तेल बदलले असेल का, याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा.

मला सगळ्यांत उपयोगी वाटला तो टायरवरचा तारखेचा आकडा. भिंतीवर 'डीओटी' या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या मालिकेच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. ३५२१ असे असेल तर टायर २०२१ सालच्या ३५व्या आठवड्यात तयार झाला. २००० सालापूर्वीच्या टायरांवर तीनच अंक असत, आणि तसा टायर आढळला तर पुढे बोलण्याची गरजच उरत नाही. पूर्ण आकडा कधी कधी टायरच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू आत गेलेली असू शकते, म्हणून तो बाहेरून दिसला नाही तर गाडीखाली डोकवावे. स्टेपनी विसरू नये. न वापरलेल्या मूळ स्टेपनीची तारीख गाडीच्या जन्मतारखेच्या जवळपासची असते, आणि गाडीला मुळात कोणते टायर होते हेही ती सांगते. ओडोमीटरवर २० हजार किलोमीटर दिसत असताना चारही टायर मूळ टायरांपेक्षा नवे आणि वेगळ्या कंपनीचे असतील, तर पहिले टायर इतक्या लवकर कुठे गेले हा प्रश्न विचारावा.

तारखेचा खरा उपयोग असा की तफावत किती जुनी असू शकते हे तिच्यावरून कळते. नवी जोडी दोन महिन्यांपूर्वी तयार झालेली असेल आणि बिलावरील किलोमीटर आजच्या आकड्याच्या जवळपास असतील, तर गाडी विकण्यासाठी म्हणून ती बसवली आहे आणि यंत्रणेचे फारसे नुकसान झालेले नसण्याची शक्यता मोठी आहे. अशी गाडी चार सारख्या टायरांचा खर्च किमतीतून वजा करून घ्यायला हरकत नाही. काही देशांत नव्या टायरचा थर मशीनवर तासून तो जुन्यांच्या बरोबरीला आणून देतात, पण ही सोय सर्वत्र नसते. जोडी दोन वर्षांची असेल तर मात्र टायर बदलून प्रश्न सुटत नाही. तिथे प्रश्न कपलिंगचा आहे. चारही टायर कोरे करकरीत असतील तर पुरावाच पुसला गेला आहे, म्हणून जुन्या टायरांची आणि ते केव्हा, कोणत्या जोडीने बदलले याची बिले मागावीत. टायरांना काळे पॉलिश चोपडलेले असेल तर ते आधी पुसावे. क्वचित गुळगुळीत टायरवर पुन्हा खाचा कोरून तो विकला जातो. खाचेच्या तळाची झीजपट्टी नाहीशी झालेली किंवा कापलेली दिसली, तर तो टायर रस्त्यावर आणण्याच्या लायकीचा नाही.

टायरांबद्दल शंका आली की चालवून पाहणे वेगळ्या रीतीने करावे. थंड गाडी घरासमोर एक फेरी मारून परत आणली तर काहीच कळणार नाही. किमान अर्धा तास, त्यात काही वेळ महामार्गाच्या वेगाने, गाडी चालवावी, म्हणजे कपलिंग तापेल. मग मोकळ्या, कोरड्या, सपाट जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फेऱ्या माराव्यात, आधी एका दिशेने आणि मग दुसऱ्या. गाडी अडखळली, टायर फरफटत किंवा उड्या मारत असल्यासारखे वाटले, पायाखालून धक्के जाणवले, तर मधली यंत्रणा मोकळी होत नाही असे समजावे. वेगाबरोबर वाढणारी घरघर किंवा थांबल्यावर गाडीखालून येणारा जळकट वासही याच यंत्रणेकडे बोट दाखवू शकतो. मात्र हाताने फोर-व्हील ड्राइव्ह जोडावे लागणाऱ्या जुन्या धाटणीच्या गाड्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यात मधला डिफरन्शिअल नसतोच, आणि कोरड्या रस्त्यावर चारही चाके जोडून वळवले तर त्या अडखळणारच. त्यांची ही परीक्षा टू-व्हील ड्राइव्हमध्ये ठेवून घ्यावी.

गाडी या परीक्षेत उत्तीर्ण झाली तरी एकदा ती उचलून खालून पाहावी. अडखळणे थांबवण्यासाठी मागे जाणारा शाफ्टच काढून टाकलेल्या किंवा यंत्रणेचा फ्यूज काढून ठेवलेल्या गाड्या असतात. त्या अगदी सुरळीत वळतात, कारण त्या आता ऑल-व्हील ड्राइव्ह राहिलेल्याच नसतात. शक्य झाल्यास ट्रान्सफर केस आणि मागच्या डिफरन्शिअलमधील थोडे तेल काढून मेकॅनिककडून तपासून घ्यावे. काळपट, जळका वास असलेले किंवा धातूचे चमकते कण असलेले तेल बिलांपेक्षा जास्त खरे बोलते.

वापरलेल्या गाड्यांचे व्यवहार करणाऱ्यांना आणि खरेदीपूर्व तपासणी करून देणाऱ्यांना आपल्या दैनिकाच्या माध्यमातून एक विनंती करावीशी वाटते. तपासणीच्या अहवालात 'टायर : चांगले' किंवा 'टायर : ७० टक्के' असे लिहिणे बंद करावे. चारही टायरांची कंपनी, माप, तयार झाल्याचा आठवडा व वर्ष आणि तीन-तीन ठिकाणची खोली मिलिमीटरमध्ये नोंदवावी, आणि गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर सर्वांत जास्त व सर्वांत कमी खोलीतील फरक स्वतंत्र रकान्यात लिहावा. या कामाला दहा मिनिटेही लागत नाहीत. माझ्या गाडीच्या कागदांत तो एक रकाना असता आणि त्यात 'चार मिलिमीटर' असे लिहिलेले असते, तर पुढच्या टायरांच्या खाचा पाहून मी मान डोलावली नसती.

आपला नम्र,
एक वाचक